जॉयल काय म्हणाला

"काय म्हनाला गो तुजा जॉयल?" फिलूने कानाशी लागून विचारलं, आणि सालोमीने क्षणभरही न थांबता सांगून टाकलं, "देवाचे आभार मानतोय."

सांगून झाल्यावर तिला धक्का बसला. खोटं बोलल्याचा नव्हे. खोटं बोलायचे प्रसंग संसारात काय कमी येतात? धक्का बसला तो ते इतकं सहज निघालं याचा. तिच्या पोटच्या मुलाने, तिच्याच चर्चमध्ये, वेदीच्या पायरीवर उभं राहून दोन्ही हातांनी काहीतरी म्हटलं होतं. भरलेलं चर्च टाचणी पडेल तरी ऐकू येईल इतकं गप्प होतं. आणि त्याच्या हातांतलं एक अक्षर तिला कळलं नव्हतं. शेजारची बाई विचारते ती आईला ठाऊक असणारच असं धरून विचारते, तिचं काय चुकलं? "मला नाही कळलं" एवढंच तर म्हणायचं होतं. पण तेवढं म्हणायला जीभ वळेना, आणि देवाचे आभार मात्र तोंडात तयारच होते, वर्षानुवर्षं गाण्यांतून म्हणून म्हणून गुळगुळीत झालेले. फिलू ही पाचूबंदरच्या कोळी गायकांची म्होरकी. मनाने सोन्यासारखी बाई, पण पोटात काही राहायचं नाही. तिने ते लगेच पलीकडच्या बाईला सांगितलं, त्या बाईने पुढच्या बाकावर, आणि बघता बघता सालोमीचं खोटं कानोकानी वेदीपाशी बसलेल्या फादर फेबियनपर्यंत जाऊन पोचलं.

ख्रिस्ती ऐक्य सप्ताहातली ही प्रार्थना दरवर्षी जानेवारीत होते. एरवी एकमेकांच्या दाराशी न फिरकणाऱ्या मंडळ्या त्या एका संध्याकाळी एकत्र येतात, एकमेकांची गाणी कौतुकाने ऐकतात, चहा घेतात आणि पुन्हा वर्षभर आपापल्या दाराआड जातात. यंदा यजमानपण सालोमीच्या चर्चकडे होतं. नगरकडून नोकरीसाठी आलेली मराठी प्रोटेस्टंट मंडळी पेटी, तबला आणि झांजा घेऊन आली होती. नव्या बिल्डिंगांमधले मल्याळी गिटारी घेऊन आले होते. पाचूबंदरचे कोळी होते, गावातले वाडीवाले होते, आणि या सगळ्यांचा मिळून एक कॉयर बसवायचं काम सालोमीच्या गळ्यात पडलं होतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, इथे तर चार होत्या. कुणाचा सूर वर, कुणाची लय पुढे, कोळणींचा आवाज असा की समुद्रावरून हाक मारावी. महिनाभर तिने सगळ्यांना रागावून, चुचकारून एका ओळीवर आणलं होतं. कॉयरच्या नेहमीच्या माळ्यावर एवढी माणसं मावेनात म्हणून आज कॉयर खाली, वेदीच्या डाव्या हाताला उभा होता. फादर फेबियननी प्रवचनात पौलाच्या पत्रातला तो शरीराचा उतारा घेतला होता. शरीर एक, अवयव अनेक. कुणी हात, कुणी डोळा, कुणी कान. कुणी कुणाला नको म्हणायचं नाही. सालोमीने हा उतारा इतक्या वेळा ऐकला होता की त्या वेळी ती पुढच्या गाण्याची पट्टी मनात धरत होती. मग आचोळ्याची मंडळी उभी राहिली. एका दुकानावरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये भरणारी त्यांची फेलोशिप, त्यातले सातआठ बहिरे तरुण, जॉयल त्यांतलाच, आणि त्यांच्यासोबत त्यांचं बोलणं आवाजात सांगणारी ऋतिका नावाची मुलगी. गाणं सगळ्यांनी हातांनी म्हटलं, ऋतिकाने त्याचा अर्थ माइकवर सांगितला. त्यानंतर जॉयल एकटाच पुढे आला. ऋतिकाने माइक खाली ठेवला आणि ती बाजूला सरकली. त्याने जे म्हटलं ते फार थोडं होतं. पण तेवढ्यासाठी त्याने आवाज घेतला नव्हता, कुणाचाच.

"जॉयलने आपल्या भाषेत परमेश्वराचे आभार मानले आहेत," फादर फेबियन माइकवर म्हणाले. मघाशी ऋतिकाने शिकवलं होतं तशा सगळ्यांनी टाळ्या न वाजवता दोन्ही हात वर करून पंजे हलवले. बहिऱ्यांची टाळी अशी असते म्हणे. कोळणींनी हलवले, नगरवाल्यांनी हलवले, मल्याळ्यांनी हलवले. ऐक्य म्हणतात ते हेच असेल तर ते त्या घटकेला वसईत नक्की उतरलं होतं. सालोमीनेही हात हलवले. जॉयल पायरीवर तसाच उभा होता, हात खाली सोडून, तिच्याकडे बघत. तिला वाटलं, पोरगा खूश झाला.

खरं तर आजच्या संध्याकाळवर तिची सगळी आशा होती. येत्या रविवारी अर्नाळ्याकडच्या एका रिसॉर्टच्या तलावात आचोळ्याची मंडळी बाप्तिस्मा देणार होती. बुडवून. त्यात जॉयलचं नाव होतं. पोहायच्या तलावात बाप्तिस्मा, हे ऐकून गावातल्या बायका पदराआड हसल्या होत्या. सालोमीला हसू आलं नव्हतं. तिच्या हिशेबी त्या पाण्यात मुलगा उतरला की तिने कुशीत धरून बाप्तिस्म्याच्या ज्या कुंडापाशी त्याला नेलं होतं ते कुंड पुसलं जाणार होतं, ते पाणी, ते तेल, पांढरा झगा, त्याचं नाव. फादर फेबियननी समजावलं होतं, ऐक्य ऐक्याच्या जागी, पण बाप्तिस्मा माणसाला एकदाच होतो, बघा त्याला सांगून. नवऱ्याने, प्लासिडने, केळीच्या घडावरून हात न काढता म्हटलं होतं, मोठा झालाय तो, तू काय त्याला धरून ठेवणार? ती धरूनच ठेवणार होती. आज तो तिच्या वेदीसमोर उभा राहील, लहानपणची खिडकी, लहानपणचा क्रूस बघेल, त्याच्या आत काहीतरी हलेल, आणि मग चहाच्या वेळी ती त्याला बाजूला घेऊन एकच वाक्य सांगेल: रविवारी त्या पाण्यात उतरू नकोस. ओठ नीट हलतील, शब्द सुटे पडतील असं ते वाक्य तिने आरशासमोर बसवलं होतं, कॉयरला नवीन गाणं बसवावं तसं.

आरशासमोर ओठ हलवायची सवय जुनी होती. जॉयल दोन वर्षांचा असताना त्याच्या पाठीमागे पितळेचं पातेलं पडलं आणि त्याने मान वळवली नाही, तेव्हापासूनची. मग डॉक्टर, मग कानाची मशिनं, मग मुंबईची ती शाळा आणि तिथल्या कडक बाई. मुलाला बोलतं करायचं असेल तर घरात एकच भाषा बोला, त्या म्हणाल्या होत्या. गावठी नको, शुद्ध मराठी. आणि हातवारे अजिबात नकोत. हाताची सवय लागली की जीभ आळशी होते. त्याला ओठ वाचायला शिकवा. सालोमी स्वतः शाळेत गाणं शिकवायची, शिस्तीवर तिचा विश्वास होता. घरातली बोली बंद झाली. तिची सासू जन्मभर त्या बोलीपलीकडे एक शब्द बोलली नव्हती. ती नातवासमोर मुकीच झाली. पण म्हातारीला गप्प बसवत नव्हतं. चुलीपाशी बसल्या बसल्या तिने त्याच्याशी हातांनी बोलायला सुरुवात केली. बोंबलाला एक खूण, पावाला एक, पावसाला एक, प्लासिड घरी आला की मिशीला पीळ देऊन दाखवायची एक. घरातल्या प्रत्येकाची तिने खूण ठरवली होती, आणि आजी-नातू त्या खुणांवर पोट धरून हसायचे. सालोमी आत आली की दोघांचे हात मांडीवर जायचे. शाळेतल्या बाई सांगतात म्हणून, असं तिने सासूला समजावलं होतं, रागावून नव्हे, हात जोडून. सासूने ऐकलं. पुढे ती गेली, आणि तिच्याबरोबर ती कामचलाऊ भाषाही गेली असं सालोमीने धरून चाललं होतं.

आणि कॉयर होता. लहानपणी ती त्याला माळ्यावर घेऊन जायची. तो पेटीला पाठ लावून बसायचा आणि डोळे मिटायचा, तिला ते फार आवडायचं. एका रविवारी अगदी शांततेच्या क्षणी, सगळी माणसं गुडघ्यांवर असताना, त्याने तोंड उघडलं आणि गायला लागला. त्याला गाणंच म्हणायचं होतं याबद्दल तिच्या मनात कधी शंका नव्हती. पण निघालं ते एक लांबच लांब ओरडणं. खालच्या माणसांनी माना वर केल्या. तेव्हाचे फादर वाईट नव्हते. त्यांनी मिस्सा झाल्यावर हळुवारपणे सुचवलं की पोराला आजीजवळ खाली बसवलं तर बरं, आणि तुम्ही मात्र कॉयर सोडू नका, आवाज ही देवाची देणगी आहे, ती पुरून ठेवायची नसते. दोन्ही गोष्टी तिने ऐकल्या. तो खाली, ती वर. त्यानंतर किती नाताळ आणि किती ईस्टर असेच गेले. वरून तिला त्याचं डोकं दिसायचं, आधी आजीच्या खांद्याच्या खाली, मग बरोबरीला, मग एकटंच. देणगी म्हणजे काय, हे तिला तेव्हा नक्की ठाऊक होतं. ज्याच्याजवळ ती असते त्याने द्यायची आणि बाकीच्यांनी बसून घ्यायची. जॉयलजवळ काय होतं? देवाने ज्याचं काढून घेतलं त्याच्याकडे मागायचं काय, असंच तिला वाटायचं, आणि त्या वाटण्याला ती माया समजायची.

त्याला त्या हॉलमध्ये कुणी नेलं ते तिला कळलं नाही. कामावरचा एखादा मित्र असेल. वसई पूर्वेला एका छापखान्यात जॉयल मशिनवर डिझाइनं करतो. आधी रविवारची दुपार तिकडे जायला लागली, मग सकाळ, मग त्याने तिथेच दोन मित्रांबरोबर खोली घेतली. एकदा ती न सांगता गेली होती. जिन्यावर चपलांचा ढीग, आत पंखे, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर क्रूस नाही की माउलीची मूर्ती नाही. तिने नाक मुरडलं. आणि मग तिला जॉयल दिसला. चारपाच जणांच्या घोळक्यात तो बोलत होता. हात, खांदे, भुवया, सगळं अंग बोलत होतं. मध्येच त्याने कुणाची तरी नक्कल केली आणि सगळे हसले. तिचा जॉयल विनोदी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. घरी तो चारदोन शब्दांत बोलायचा, पाणी दे, येतो, जेवलो. घरी बोलायचं म्हणजे त्याला तिचे ओठ वाचायचे आणि स्वतःला ऐकू न येणारा आवाज घशातून काढायचा. न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात आणि बोलणाऱ्याची बोरं खपतात. तिच्या घरात तिचीच बोरं खपत आली होती. ती दारातूनच मागे फिरली, आणि जिना उतरताना तिला मत्सर वाटला. उघड, नागडा मत्सर. देवाचा नव्हे, त्या हसणाऱ्या पोरांचा. मग घरी येऊन तिने प्लासिडला सांगितलं की ते लोक पोरांना बिघडवतात.

प्रार्थना संपली. आवारात टेबलं मांडली होती, समोसे, केक, कोळ्यांनी आणलेल्या सुक्या कोलंबीच्या वड्या. लोक तिचं अभिनंदन करत होते, कॉयरचं आणि जॉयलचं, एका दमात. फिलूने तिचा हात दाबून म्हटलं, पोर गुनाचं हाय गो तुजं. नगरच्या मंडळीतले एक म्हातारे डोळे पुसत म्हणाले की आम्ही तोंडाने मानतो त्यापेक्षा हे आभार खरे. ती मान हलवत राहिली. खोटं आता तिचं राहिलंच नव्हतं. ते सगळ्या मंडळ्यांनी वाटून घेतलं होतं आणि चहाबरोबर सुखाने खात होते. तिने डोळ्यांनी जॉयलला शोधलं. तो फाटकापाशी, रिक्षांच्या रांगेजवळ मित्रांत उभा होता. तिकडे जाताना वाटेत ऋतिका भेटली.

ऋतिका चंदनसारची. तिचे आईवडील दोघंही बहिरे, म्हणून तिची पहिली भाषाच हातांची, असं जॉयलने कधीतरी फोनवर लिहून कळवलं होतं. समोसा खायचा सोडून ती पोरगी हातातली बशी नुसती फिरवत होती. सालोमीने विचारलं नसतं तर कदाचित ती काही बोललीही नसती. पण सालोमीला राहवलं नाही. तिने हसत, जणू सहज, विचारलं की शेवटी जॉयल जे म्हणाला ते तू माइकवर का सांगितलं नाहीस.

"मी म्हटलं होतं त्याला, सांगते म्हणून," ऋतिका म्हणाली. "नको म्हणाला. आईला कळेल म्हणाला. आणि आंटी, ती आमची भाषा नव्हतीच. मलाही समजली नाही. घरातली आहे म्हणाला, आजीची. आत्ता बाहेर आल्यावर त्याने मला सांगितलं."

आणि तिने बशी टेबलावर ठेवून ते हात करून दाखवले, सावकाश, एकेक. पाची बोटं गळ्याशी जुळवून पुढे उघडायची. ही सालोमीची खूण, सासूने ठरवलेली, कारण सून गाते. मग कान. मग रिकामे तळवे समोरच्या माणसांकडे. माझी आई गाते. कशी गाते? मला कुणी सांगाल का?

सालोमीला आवारातला दिवा डोळ्यांत खुपायला लागला. गळ्याशी गेलेली बोटं तिने मघाशी पाहिली होती. स्वच्छ पाहिली होती. चुलीपाशी शेकडो वेळा पाहिली असतील, आणि प्रत्येक वेळी ती आत आल्यावर बोटं मांडीवर गेली असतील. म्हातारीने तिची खूण ठेवली ती काही तिच्या रागाची नव्हती, शिस्तीची नव्हती, गाण्याची होती. एवढं म्हातारीला दिसत होतं. आणि त्याने तो प्रश्न एवढ्या वर्षांनी, एवढ्या माणसांत विचारला. त्या चर्चमध्ये तिचं गाणं ऐकत म्हातारी झालेली माणसं होती, कुणीही सांगू शकलं असतं. पण कुणाला कळायला हवं? ज्या एकीला कळायचं, ती म्हणाली, आभार मानतोय. मग दोनतीनशे माणसांनी त्याच्या प्रश्नावर आनंदाने पंजे हलवले. ऋतिका काहीतरी म्हणत होती, आंटी, तुमची काही चूक नाही, असंच काहीतरी. चूक हा शब्द तिला फार लहान वाटला.

ती फाटकापाशी गेली. तिला येताना बघून मित्र बाजूला झाले. जॉयल थोडा वाकला, तिच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असा तिला खांद्याला धरून वळवलं, आणि नेहमीसारखा तिच्या ओठांकडे बघत उभा राहिला. बसवलेलं वाक्य तिच्या तोंडाशी होतं. पण निघालं ते दुसरंच.

"मला घरी का नाही विचारलंस?"

"विचारलं," जॉयल म्हणाला. त्याचा तो नाकातून येणारा, चढउतार नसलेला आवाज. लोकांत तो कधी काढायचा नाही, आज काढला. "तुलाच विचारलं. तू सांगितलंस. देवाचे आभार मानतोय."

ऋतिकाने सांगितलं असेल, फादरांनी माइकवर म्हटलं ते तिने हातांनी कळवलं असेल, असं म्हणायला सालोमीने तोंड उघडलं. तो मान हलवत होता. त्याने आपल्या डोळ्यांपाशी बोट नेलं आणि मग ते तिच्या ओठांकडे रोखलं. फिलू कानाशी लागली तेव्हा तो पायरीवरून तिच्याकडेच बघत होता. ती वर माळ्यावर असती तर दिसलं नसतं. आज ती दहा पावलांवर होती, वेदीचे सगळे दिवे तिच्या तोंडावर होते, आणि ओठ वाचायला त्याला तिनेच तर शिकवलं होतं, खपून, आरशासमोर बसून, एकही शब्द निसटू नये म्हणून.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्याला मिठी मारता येते. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. किती वाजले ते सांगावं तसं त्याने सांगितलं होतं, आणि आता तो थांबला होता, कारण आईचं उत्तर यायचं होतं. सांगायला केवढं होतं. मला कळलं नाही रे. मला लाज वाटली. मी बरी गाते, पण वरच्या पट्टीत माझा आवाज आता चिरकतो, आणि हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. रविवारी जाऊ नकोस. जा, पण घरी ये. तिने ओठ उघडले. तो बघत होता, शिकवल्याप्रमाणे, नीट, पापणीही न हलवता. आता इथून जे निघेल ते तो वाचणार, आणि त्यातलं खरं कुठलं आणि सोयीचं कुठलं हे त्याने कशावरून ओळखायचं? तिलाच कुठे ओळखता येत होतं? तिने ओठ मिटले. मग हात उचलले, कॉयरला उठवायला उचलते तसे, आणि ते तिथेच राहिले, कारण त्यांना पुढचं काही येत नव्हतं.

रिक्षावाल्याने इंजिन सुरू केलं. मागून आलेल्या ऋतिकाने जॉयलच्या खांद्याला हात लावला. तो आत बसला, कडेला, बाहेर तोंड करून. रविवारबद्दल तिने काहीच म्हटलं नव्हतं. त्यानेही विचारलं नाही. रिक्षा वळेपर्यंत तो मान काढून तिचे ओठ हलतात का ते बघत होता.